प्रिया भंगारात देऊ नका

केम्निट्स, जर्मनी, रविवार रात्र, १२ एप्रिल

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलणं होतं मग पत्र कशाला असं आई म्हणेल, पण फोनवर एक तर रेंज जाते नाहीतर दारात कुणीतरी येतं, आणि काही गोष्टी बोलायला गेलं की माझा आवाज बदलतो आणि मग आई घाबरते, म्हणून टाइप करून पाठवतीये. दादा, हे मोबाईलवर वाचून दाखवू नकोस, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून आण, बाबांना कागदावर वाचायला बरं वाटतं. अक्षरं मोठी ठेवलीत.

मी मजेत आहे, पहिलं ते. थंडी गेली, झाडांना पालवी आलीये, संध्याकाळी आठपर्यंत उजेड असतो. ऑफिस, जेवणखाण, कपडे धुणं सगळं तुम्हाला माहितीच आहे, त्यात काही बदल नाही. आई, फोटोत बारीक दिसते म्हणून तू तीन दिवस मागं लागलीस, पण तो फोटो जॅकेट काढल्यावरचा होता, वजन तेवढंच आहे, मी मुद्दाम काटा बघितला. दोन वेळचं जेवण होतं. ज्वारीचं पीठ इंडियन दुकानात मिळतं, भाकरी तुझ्यासारखी फुगत नाही पण होते. पाडव्याला गुढी उभारली होती, कडुनिंब नव्हता म्हणून नुसता गूळ खाल्ला. तो फोटो का पाठवला नाहीस असं विचारलंस, तर त्या दिवशी कामाचा दिवस होता आणि सकाळी सहाला गुढी उभारून मी ऑफिसला गेले, फोटो काढायला घरात दुसरं कुणी नव्हतं. एवढंच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणि ते शेजारचे आजोबा. आई, तू ज्यांच्यावरून एवढी काळजी केलीस ते आजोबा ७८ वर्षांचे आहेत, त्यांच्या बायकोच्या हातचा केक मी दर पंधरा दिवसांनी खाते, आणि त्यांच्या गाडीत बसले तेव्हा आज्जी मागच्या सीटवर होत्या. अनोळखी माणसाच्या गाडीत बसले असं काही नाही. दोन वर्षं आम्ही एका जिन्यात राहतो. जानेवारीत मी तापानं पडले होते तेव्हा सूप त्यांनीच आणून दिलं होतं (ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, बाबांच्या ऑपरेशनची गडबड होती, साधा फ्लू होता, चार दिवसांत बरी झाले). व्हॉट्सअ‍ॅपवर इकडच्या लोकांबद्दल जे काय फिरत असतं ते मला पाठवत जाऊ नका. चांगली माणसं आहेत तशी वाईटही आहेत, ती आपल्याकडं पण आहेत. मी रात्री उशिरा एकटी फिरत नाही.

तर त्या आजोबांची गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी इकडची एक पद्धत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मलाच नीट कळायला एक वर्ष गेलं.

इकडं गाडीच्या नंबरप्लेटवर महिने लिहिलेले असतात. सगळ्या गाड्यांवर नाही, काहींवर. प्लेटच्या उजव्या कडेला अगदी बारीक दोन आकडे, एक वर एक खाली, मध्ये रेघ. समजा वर ०४ आणि खाली १०, तर ती गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच चालवायची. टॅक्स तेवढ्याच महिन्यांचा, इन्शुरन्स तेवढ्याच महिन्यांचा. कमीत कमी दोन महिने, जास्तीत जास्त अकरा. आणि बाबा, नुसतं चालवायची नाही असं नाही, मुदत संपली की ती रस्त्याच्या कडेला उभी पण करायची नाही! ३१ ऑक्टोबरच्या रात्री बारा वाजायच्या आत ती स्वतःच्या जागेत, गॅरेजमध्ये, अंगणात कुठंतरी आत गेलीच पाहिजे, नाहीतर दंड. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं दारात उभी असलेली बंद गाडी कुणाचं काय घेते, पण नियम म्हणजे नियम. आई, तुला कळेल असं सांगायचं तर गाडीला चातुर्मास लागतो, फक्त हिवाळ्यातला आणि पाच महिन्यांचा. कारण पण तसंच आहे, हिवाळ्यात इकडं बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ट्रकनी, खडे मीठ, आणि ते मीठ गाडीच्या पोटाला लागून पत्रा गंजतो. नव्या गाडीचं एवढं काही वाटत नाही, पण जुनी जपलेली गाडी कोण मिठात घालणार? म्हणून जुन्या गाड्या आणि मोटरसायकली झोपवून ठेवतात आणि एक एप्रिलला बाहेर काढतात.

आणि दुसरं अक्षर असतं एच. गाडीला ३० वर्षं पूर्ण झाली, आणि ती मूळ जशी होती तशीच ठेवलेली असली, इंजिन रंग सीट वगैरे, तर एक तपासणारा माणूस येऊन तिला नीट खालीवर बघून रिपोर्ट देतो, मग नंबरच्या शेवटी एच लागतं. एच म्हणजे ऐतिहासिक. सरकारच म्हणतं की ही गाडी म्हणजे ठेवा आहे, जपायची. मग टॅक्स ठरलेला, कार असेल तर वर्षाला १९१ युरो आणि वर काही सेंट, इंजिन केवढंही मोठं असो. अशा गाड्यांना ओल्डटायमर म्हणतात.

दादा, तू म्हणशील आपल्याकडं पण विंटेजचा कायदा आलाय. आलाय, २०२१ ला आलाय, मी वाचला सगळा. पण त्याला ५० वर्षं लागतात. बाबांची प्रिया स्कूटर १९८४ ची. म्हणजे २०३४. तोवर ती ना नवी ना विंटेज, नुसती जुनी, आणि जुनीला आपल्याकडं कुणी विचारत नाही, तिचं पासिंग करा, पर्यावरण कर भरा, आता ती नवी प्लेट लावा. इकडं असती तर तिला बारा वर्षांपूर्वीच एच लागलं असतं.

आता आजोबा. गेल्या शनिवारी, ईस्टरची सुट्टी होती, त्यांनी बेल वाजवली आणि म्हणाले चल, गाडी उठवायची आहे. त्यांचं बोलणं मला अजून निम्मंच कळतं, इकडची बोली वेगळी आहे, शब्द तोंडातल्या तोंडात गोल करून बोलतात. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला चढावर गॅरेजांच्या रांगा आहेत. सिमेंटच्या बुटक्या खोल्या, लाकडी दारं, एकाला एक चिकटून साठ-सत्तर. हे गाव पूर्वी पूर्व जर्मनीत होतं आणि तेव्हा त्याचं नाव कार्ल मार्क्स स्टाट होतं, हे मी मागं सांगितलं होतं. त्या काळात लोकांनी शनिवार-रविवारी एकत्र येऊन स्वतःच्या हातांनी ही गॅरेजं बांधली, विटा सिमेंट जमेल तिथनं आणून. आजोबांनी पण बांधलंय, दाराच्या चौकटीत त्यांनी खिळ्यानं कोरलेलं १९७९ अजून आहे. गाडी नव्हती तेव्हा. गाडी मिळायच्या आठ वर्षं आधी गाडीचं घर बांधून तयार.

गाडी म्हणजे ट्रबांट. बाबा, तुम्ही ऐकलं असेल. इथनं तासाभराच्या आत असलेल्या त्स्विकाऊ गावात बनायची, १९९१ पर्यंत बनली. ३० लाखांच्या वर बनल्या आणि आता रस्त्यावर एखादी दिसली की लोक वळून बघतात. लहानशी, आपल्या फियाटपेक्षा बुटकी, गोल दिव्यांची. त्यांची फिकट निळी आहे, प्रियासारखीच. बॉडीचं बाहेरचं कवच पत्र्याचं नाही! स्टील मिळायचं नाही म्हणून कापूस आणि राळ दाबून ते करायचे, कापूस रशियातनं यायचा. आजोबांनी बोटानं टकटक करून दाखवलं, पेटीवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. गिअर जमिनीत नाही, डॅशबोर्डातनं काठीसारखा बाहेर येतो, स्टेअरिंगच्या शेजारी, म्हणजे मामांबरोबर मुंबईत काळीपिवळी फियाटमध्ये बसायचो तिचा होता साधारण त्याच जागी. (त्या फियाटच्या शेवटच्या टॅक्सीची बातमी २०२३ च्या ऑक्टोबरात दादानंच पाठवली होती, मी ती ऑफिसच्या संडासात जाऊन परत परत वाचली.)

पण खरी गोष्ट पुढं आहे. आजोबांनी बॉनेट उघडलं, पेट्रोलची टाकी आतच असते, इंजिनच्या शेजारी वरच्या अंगाला. झाकण काढलं, आणि काटा नाही म्हणून एक प्लास्टिकची पट्टी आत बुडवली, बाहेर काढून उजेडात धरली, किती ओली झाली ते बघितलं. मग कॅनमधनं पेट्रोल ओतलं आणि मापानं ऑइल. पन्नासाला एक. मी नुसती बघत राहिले. बाबा, टू-स्ट्रोक आहे ती, प्रियासारखीच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी! कार आहे, पण दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, सहाशे सीसीला थोडी कमी. चोक ओढला, चावी फिरवली, पहिल्यांदा नुसती खोकली, दुसऱ्यांदा पण, तिसऱ्यांदा घेतला. आणि त्या बुटक्या खोलीत निळा धूर भरला.

तो वास. कसं सांगू. मी दाराला धरून उभी होते आणि एकदम साताऱ्यात पोवई नाक्यावर होते. तुमच्या ऑफिसचा शर्ट, खिशात कागदात गुंडाळलेला जास्तीचा प्लग, संध्याकाळी तुम्ही फाटकातनं आत येताना इंजिन बंद करून नुसतं ढकलत आणायचात कारण आज्जी झोपलेली असायची, तरी वास आधी यायचा आणि आम्हाला कळायचं बाबा आले. मी पुढं उभी राहायचे, तुमच्या दोन हातांच्या मध्ये, स्पीडोमीटरच्या काचेवर हनुवटी टेकवून, दादा तुमच्या मागं आणि आई सगळ्यांत शेवटी एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. यवतेश्वरच्या घाटात ती दम टाकायची तेव्हा तुम्ही म्हणायचात सगळ्यांनी पुढं झुका, आणि आम्ही खरंच झुकायचो, आई पण. माझ्या पायाखालचं फूटबोर्डचं रबर जिथं झिजलंय ती जागा मला अजून पावलाला आठवते. सकाळी चालू नाही झाली की तुम्ही तिला एका अंगावर कलती करायचात, थोडा वेळ तशीच धरायचात, बाळाला ढेकर काढायला धरतात तसं, मग उभी करून किक. चौथ्या किकला घ्यायची. पाचवी लागली तर तुम्ही गप्प व्हायचात आणि प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायला बसायचात.

आजोबांनी विचारलं काय झालं, डोळ्यांत धूर गेला का. मी हो म्हटलं. मग परत नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, की माझ्या बाबांची पण अशीच आहे, दोन चाकांची, आमच्याच गावात बनलेली. ते त्यांना फार आवडलं. कुठल्या गावात म्हणाले. मी म्हटलं सातारा. मोबाईलवर नकाशा दाखवला. साताऱ्यात स्कूटरचा कारखाना होता, बजाज आणि सरकारी महामंडळ दोघांनी मिळून १९७५ ला काढलेला, आपल्या गल्लीतले दोन काका तिथं कामाला होते, कारखान्यातल्या गाडीला जे नवीन लागायचं ते बाकी गावाच्या आधी आपल्या गल्लीला कळायचं, हे सगळं सांगितलं. आणि नंबर लागायला किती वर्षं लागली ते सांगितलं. तुम्ही सांगता ना, नाव नोंदवलं तेव्हा लग्न झालं नव्हतं आणि स्कूटर दारात आली तेव्हा दादा चालत होता.

ते ऐकून आजोबा आणि आज्जी दोघं एकमेकांकडं बघायला लागले. त्यांनी ट्रबांट १९७४ ला बुक केली होती आणि १९८७ ला मिळाली. तेरा वर्षं. म्हणाले तेव्हा पूर्व जर्मनीत असंच होतं, पोरगं १८ वर्षांचं झालं की आधी गाडीला नाव लावायचं. नवीपेक्षा वापरलेली महाग विकली जायची, कारण ती आज मिळायची. मी म्हटलं आमच्याकडं पण! त्याला ऑन म्हणायचे, ऑन देऊन गाडी घ्यायची. आणि ज्यांचं कुणी पश्चिम जर्मनीत असेल त्यांना तिकडच्या नातेवाइकानं मार्कात, म्हणजे तिकडच्या चलनात, पैसे भरले की काही महिन्यांत गाडी दारात, त्यासाठी एक वेगळी सरकारी कंपनीच होती, गेनेक्स नावाची, तिचा कॅटलॉग यायचा. बाबा, तुम्ही पण सांगायचात की फॉरेन एक्सचेंजमध्ये पैसे भरणारं कुणी असतं तर आपला नंबर लवकर लागला असता, पण आपलं कोण होतं बाहेर. आता मी आहे बाहेर आणि घ्यायला स्कूटरच राहिली नाही. २०००च्या आसपास धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक गेल्या, २००९ ला बजाजनं स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं. दादा आता बॅटरीवरची चेतक घेणार म्हणतोय, घे, चांगली आहे, पण तिच्यात ऐकायला काही नाही.

आम्ही मग डोंगराकडं एक चक्कर मारली, तीस-चाळीस किलोमीटर, आज्जी मागं बसून रस्ता सांगत होत्या जसा काही आजोबांना माहीत नाही. रस्त्यावर सगळीकडं झोपेतनं उठलेल्या गाड्या होत्या, मोटरसायकली तर रांगेनं. एका चौकात चहाला थांबलो तिथं तीन-चार जुन्या एमझेड मोटरसायकली उभ्या होत्या. एमझेड पण इथलीच, शेजारच्या त्शोपाऊ गावची, टू-स्ट्रोक, आपल्याकडं येझदीला होता तसा लोकांचा जीव तिच्यावर आहे. आजोबा उतरले, त्यांच्या मालकांना नमस्कार चमत्कार केला, आणि मग एकेका गाडीपुढं वाकून हॅन्डलखाली फ्रेमवर काहीतरी वाचायला लागले. गुडघा धरून वाकायचे, चष्मा वर करायचे, वाचायचे, उठायचे, पुढच्या गाडीकडं. मला कळेना. आज्जी हळूच म्हणाल्या नंबर बघतोय.

त्यांची एक एमझेड होती. बर्लिनची भिंत पडल्यावर सगळ्यांना पश्चिमेकडच्या गाड्या हव्या होत्या, इकडच्या गाड्यांना कुणी विचारेना, लोकांनी ट्रबांट अक्षरशः रस्त्याच्या कडेला सोडून दिल्या. आजोबांनी कार ठेवली कारण आज्जी अडून बसल्या, पण मोटरसायकल १९९१ ला दिली. कुणा तरुण पोराला, दोन क्रेट बिअरच्या बदल्यात. ३५ वर्षं झाली. फ्रेम नंबर त्यांना पाठ आहे, आज्जींना पण पाठ आहे, घरी मुलांना पण पाठ आहे. आणि जिथं एमझेड दिसेल तिथं ते वाकून बघतात. परत गाडीत बसल्यावर काही बोलले नाहीत, फक्त पट्टा लावताना म्हणाले, नव्हती ती.

बाबा, त्या रात्री मी झोपायच्या आधी प्रियाचा नंबर आठवायला लागले. एमएच सुरू व्हायच्या आधीचा, तीन अक्षरांचा. अक्षरं आठवली, पहिले दोन आकडे आठवले, शेवटचे दोन आठवेनात. दहा वर्षं ज्या गाडीवर शाळेत गेले तिचा नंबर मला पूर्ण येत नाही. लाइट लावून जुने फोटो शोधले मोबाईलमध्ये, सगळ्या फोटोंत आपण प्लेटच्या पुढं उभे आहोत.

म्हणून हे पत्र आहे. बाबा, डिसेंबरात दादानं फोनवर सगळ्यांना विचारलं होतं, स्कूटरचं काय करायचं, भंगारवाला येऊन बघून गेलाय, पावसात शेड गळतंय, बाबांचा गुडघा तर आता होणार नाही किक मारायला. तेव्हा मी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभी होते, मागं रांग होती, मी म्हटलं द्या की मग, कुणी चालवत नाही तर. तुम्ही स्पीकरवर होतात. काही बोलला नाहीत. नंतर आईनं सांगितलं की तुम्ही संध्याकाळी तिच्यावरची ताडपत्री नीट बांधून आलात. तेवढंच. मी तेव्हा पण तुम्हाला फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही, आणि मग ऑपरेशनचं आलं आणि ते राहूनच गेलं. माझं बोलणं मी परत घेतीये. चुकले मी.

प्रिया भंगारात देऊ नका. दादा, तुला अडचण होते मला कळतं, शेडमध्ये तुझी चेतक लावायची आहे, शेडचे दोन पत्रे वाढवू, त्याचे पैसे मी देते. चुलत्यांच्या ओळखीचा तो म्हातारा मेस्त्री राजवाड्याच्या मागं बसायचा तो अजून काम करतो का बघ. टाकी आतनं गंजली असणार, कार्बोरेटर उघडून साफ करावा लागेल, टायर ट्यूब तर गेलेच असतील, क्लचच्या आणि गिअरच्या वायरी नव्या टाकायला सांग. रिंगा बघायला सांग. रंग मात्र देऊ नका कुणीही, आहे तसा राहू दे, डिकीवर मी खिळ्यानं काढलेलं फूल आहे त्यावरून मला मार बसला होता, ते तसंच पाहिजे. कागदांचं आरटीओत विचार, रजिस्ट्रेशन किती साली संपलंय, रिन्यू करायला काय काय लागतं, दंड किती, सगळं लिहून पाठव, मी भरते. चालवायची घाई नाही. चालू झाली पाहिजे एवढंच. बाबांना किक मारता येत नसेल तर तू मार, बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतील आणि ऐकतील.

आता बाकीचं. आई, तू प्रत्येक फोनला विचारतेस आणि मी प्रत्येक फोनला टाळते म्हणून इथं सगळं एकदाच लिहिते.

नोकरीचं: इकडं गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये माणसं कमी करतायत हे खरं आहे, पण माझं कॉन्ट्रॅक्ट एक वर्ष वाढलंय, मागच्या आठवड्यात सही झाली. फक्त आठवड्याचे तास ४० वरून ३५ केलेत आणि त्या हिशोबानं पगार. भागतं. घाबरायचं काही नाही. या महिन्यात ६० हजार पाठवलेत, त्यातले ३५ एज्युकेशन लोनच्या हप्त्याला, १५ चिंगीच्या लग्नातल्या आहेराला, आणि १० प्रियाचे. ते १० दुसऱ्या कशाला वापरू नका. लोन चार लाखांच्या आत आलंय, पुढच्या वर्षी संपेल.

चिंगीचं लग्न: मला येता येणार नाही. काकूंना मी फोन केलाय, त्या नाराज आहेत, त्यांचं बरोबर आहे. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि आम्ही एका ताटात जेवलोय. तिला माझी हिरवी पैठणी द्या हळदीला नेसायला, तिला ती आवडायची, कपाटाच्या वरच्या खणात मलमलमध्ये गुंडाळलेली आहे.

बाबांच्या ऑपरेशनला मी आले नाही ते व्हिसाच्या कार्डामुळं असं मी सगळ्यांना सांगितलं. कार्ड रिन्यूला होतं ते खरं आहे. पण मागितला असता तर प्रवासाचा कागद मिळाला असता, सुट्टी पण मिळाली असती. मी मागितली नाही, कारण त्याच महिन्यात कॉन्ट्रॅक्टचं ठरायचं होतं आणि मला वाटलं गेले तर माझं नाव वगळतील. दादा एकटा हॉस्पिटलात सहा रात्री बसला. दादा, तू एकदा पण बोलून दाखवलं नाहीस. वहिनीनं डबे केले. मला माहितीये सगळं.

पुण्याचं स्थळ: हो, बोलते मी त्याच्याशी. व्हिडिओवर, रविवारी, तुमच्या वेळेनं संध्याकाळी. पण मी येईपर्यंत कुणाला काही शब्द देऊ नका आणि पत्रिकेचं आत्ताच काही काढू नका. इकडं माझं कुणी नाहीये आई, तीनदा विचारलंस, तिन्ही वेळा खरं सांगितलं. पुढं इकडं राहायचं की परत यायचं हे मला अजून ठरवता येत नाही, आणि ते त्या मुलाला आधी सांगायला पाहिजे, नंतर कळून त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं नुकसान नको.

दिवाळीला येते. तिकीट अजून काढलं नाही, पण सुट्टी लिहून दिलीये आणि मंजूर झालीये, या वेळी बदलणार नाही. आजोबांनी बाबांसाठी एक जुना स्पार्क प्लग दिलाय, ट्रबांटचा, वापरलेला, घासून चकचकीत केलेला, प्रियाला बसणार नाही, नुसता ठेवायला. तो पेटीत घालून ठेवलाय. आज्जींनी आईचा फोटो बघितला आणि म्हणाल्या माझ्याएवढीच उंच दिसते.

गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका. आई, तू बीपीची गोळी जेवणाआधी घेतेस का नंतर ते परत एकदा डॉक्टरांना विचार. लहानग्यांना पापा.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, तुम्हाला जमेल तेव्हा शेडमध्ये जाऊन दोन कामं करा, काठी घेऊन जा आणि दादाला बरोबर घ्या. पेट्रोलचा नॉब बंद आहे का बघा. आणि ताडपत्री वर करून नंबरप्लेटचा एक फोटो पाठवा, पूर्ण, शेवटचे दोन आकडे दिसतील असा.